अठ्ठावीस पावलांवरची मोरी

तलाव बांधणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या माणसानं करू नये ती चूक मी बेचाळिसाव्या वर्षी आमच्याच आंगणात केली. गोठ्यापासून विहिरीपर्यंत वीतभर उंचीचा मातीचा भराव घातला आणि पाण्याला वाट ठेवायला विसरलो.

भराव कशासाठी, तर माझ्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी. बायकोनं विहिरीपाशी भांडी घासली आणि घंगाळभर पाणी ओतलं. ते नेहमीच्या उतारानं निघालं, माझ्या भरावाला येऊन अडलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि वळून तिनं वाळत घातलेल्या मोहफुलांत शिरलं. फुलं तरंगायला लागली. हाताची राख तशीच ठेवून ती उभी राहिली.

"आवो, रेल करून राहिले का तलाव?"

"रेल."

"मंग पानी कायले अडवून राहिले?"

 आमच्या चार पिढ्यांनी पाणी अडवलं आणि सोडलं, गावोगावी तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या. आजोबा म्हणे अनवाणी चालून जमिनीचा उतार सांगत. मला अनवाणी चालून फक्त काटे सापडत. घराण्याची विद्या वाटली तेव्हा मी बहुतेक गाडी बघायला गेलो असेन.

गाडीचं वेड लहानपणचं. मधली तीस वर्षं मी शहाण्या माणसासारखा वागलो. निदान घरचे तसं म्हणत. मग जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या पहिल्या वर्षी गोंदियाच्या बाजारात एका दुकानात, धूळ खात पडलेलं, किल्लीचं टिनाचं इंजिन दिसलं आणि पाय तिथंच थांबले. दुकानदारानं विचारलं, "किस के लिए, पटेल?" मी म्हटलं, भाच्यासाठी. "कितने साल का है?" इंजिनाची चाकं फिरवून बघण्याच्या नादात मी सांगून टाकलं, "बयालीस." त्यानं इंजिन कागदात बांधलं आणि म्हणाला, "अच्छा है. बिगाड़ेगा नहीं."

रूळ मी जुन्या छत्र्यांच्या काड्या सरळ करून केले. स्लीपरांना बांबूच्या कामट्या, डब्यांना आगपेट्या, आणि सिग्नलच्या दांडीला बायकोचं कुंकू. थोरला भाऊ घरातला कर्ता, गावचा तलाव आणि तलावाची पाळ त्याच्याच देखरेखीखाली. तो येता-जाता बघे आणि म्हणे, "आमी पाळीवर माती टाकून राहिलो, अन् तू आंगनात. लोकं काय म्हनतीन बे?" लोक जे म्हणायचं ते म्हणतच होते. मला गावात रेलबाबू असं नाव पडलं होतं आणि ते मला, खरं सांगतो, आवडत होतं.

मोहफुलांच्या त्या पुरानंतर मी भरावाला एक मोरी ठेवली, पाणी आरपार जाईल अशी. मग काडी हातात घेऊन तिथंच बसून राहिलो. कारण अशीच चूक मी दहाव्या वर्षीही केली होती, आणि तेव्हा माझ्या पाठीवर तुतारी मोडली होती. बैल हाकायची ती काठी, वाजवायची नव्हे.

तेव्हा गोंदियाहून चांद्याकडे जाणारी रेल्वेची छोटी लाईन घालणं चाललं होतं. आमच्या तलावात पाणी यायचं ते वरच्या गावाच्या शिवारातून, एका नाल्यानं. लाईनचा भराव नेमका वरचं गाव आणि आमचा तलाव यांच्या मधून गेला. ठेकेदारानं नाल्यावर एक विटांची मोरी ठेवली. वडील त्याला म्हणाले, झडीच्या दिवसांत एका मोरीतून एवढं पाणी जात नसते. वरच्या गावाच्या बांध्या, धानाची शेतं, बुडतील, आणि तुझा भराव फुटला की सगळं पाणी एकदम आमच्या पाळीवर येईल. ठेकेदार हसला. दुसऱ्या दिवशी वडील साठ माणसं घेऊन गेले. ठेकेदाराचे लोक लाठ्या घेऊन तयारच होते. वडिलांचे दोन दात पडले, मुकादमाचं डोकं फुटलं, एका बेलदाराचा पाय कायमचा गेला. चौथ्या दिवशी भरावाच्या पोटात दगडाची आणखी एक लहान मोरी बसली.

त्याच आठवड्यात मी गोठ्यामागं मातीची रेल केली होती. सुजलेला गाल धरून वडील आले आणि वाकून बघायला लागले. मला वाटलं, खूश झाले. त्यांनी बोटानं मोऱ्या मोजल्या. एक. मग सगळा भराव पायाखाली तुडवला आणि तुतारी मोडेपर्यंत मला मारलं. मोडल्यावर उरलेल्या तुकड्यानंही मारलं. मग दंडाला धरून लाईनवर नेलं, विटांच्या मोरीवर उभं केलं आणि म्हणाले, "मोज."

मी रडत रडत गोंदियाच्या दिशेनं पावलं टाकत गेलो. लहान मोरी आली तेव्हा अठ्ठावीस झाली होती.

"किती?"

"अठ्ठावीस."

"इसरशील?"

"नाही."

विसरलो नाही. पुढं जे झालं ते विसरलो नाही म्हणूनच झालं.

हे सगळं मी बायकोला सांगितलं, आंगणातल्या भरावात दुसरी मोरी बसवताना. माझ्या रेलमध्ये एक पाऊल म्हणजे आगपेटीची एक काडी. मी अठ्ठावीस काड्या ओळीनं मांडल्या आणि तिथं मोरी केली. ती सुपात तांदूळ पाखडत ऐकत होती.

"आता आहे का थे मोरी?"

"असंल. मागं रेलवाल्यांनी भराव रुंद केला, तोंडं मातीखाली गेली. वर बोरी उगवल्या."

"मारल्यावर मोजवलं म्हना ना."

"हो."

"आधी मोजवलं असतं तं इसरले असते," ती म्हणाली आणि कोंडा फुंकला.

इथं सांगायला हवं की माझी बायको वरच्या गावची. तिथं तिचा एकच भाऊ, त्या गावातला वजनाचा माणूस. आमच्या लग्नात त्यानं मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, आणि मी तेव्हाही हलका नव्हतो.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी झड लागली. पाच दिवस पाणी थांबलं नाही. रोवणी होऊन महिना झाला होता. विटांच्या मोरीत कुठून तरी एक अख्खं झाड वाहत येऊन आडवं बसलं, त्यावर बांबू, काटेरी झुडपं, मेलेलं जनावर. आणि नाला बंद झाला. लाईनच्या वरच्या अंगाला पाणी चढत गेलं. तिसऱ्या दिवशी वरच्या गावाच्या बांध्या दिसेनाशा झाल्या. धान बुडाला की दोन दिवस धीर धरतो, मग सडतो.

पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला: वरचं गाव भराव कापायला निघालं.

भराव कापला तर काय होणार ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमचा तलाव आधीच काठोकाठ, सांडवा रात्रंदिवस वाहत होता. वरचं दोन पुरुष खोल पाणी एकदम सुटलं की पाळ तासभरही टिकली नसती, आणि पाळीखाली आमची घरं होती. थोरल्या भावानं सब्बल, लोखंडी पहार, उचलली. घरटी एक माणूस निघाला. मीही निघालो. माझ्या हातात फावडं होतं आणि डोक्यात अठ्ठावीस.

लाईनवर पोचलो तेव्हा ते शंभरेक जण भरावावर उभे होते. गँगमन दोन्ही गावांना हात जोडत होता. कुणी ऐकेना तेव्हा लाल झेंडी घेऊन दुपारची गाडी थांबवायला पळाला. अख्ख्या दिवसात एवढंच एक काम शहाणपणाचं झालं.

माझा मेहुणा पुढं आला. तीन दिवस झोपला नव्हता, डोळे रक्ताचे.

"जवाईबापू, बाजूले व्हा."

मी म्हटलं, कापू नका, इथं दुसरी मोरी आहे, मातीखाली. ती मोकळी करू. पाणी हळूहळू जाईल, तुमचाही धान वाचेल आणि आमची पाळही.

"कोन सांगतलं?"

"मी मोजली आहे. लहानपणी."

कुणीतरी मागून ओरडलं, "आंगनातल्या रेलमंधी मोजली असंल!" पावसातही लोक हसले. पण मेहुण्यानं हात वर केला. "तंबाखू मळून होऊ द्या. तेवढा येळ देतो. दाखवा."

मी विटांच्या मोरीवर उभा राहिलो आणि गोंदियाच्या दिशेनं निघालो. एक, दोन, तीन. दोन्ही गावं श्वास धरून माझे पाय बघत होती. आयुष्यात एवढं लक्ष माझ्याकडे कुणी दिलं नव्हतं. थोडी ऐटही वाटली, हे कबूल करतो. अठ्ठावीसवर थांबलो, फावडं रोवलं आणि म्हटलं, "इथं."

भरावाच्या उतारावर आमच्या आठ जणांनी खणायला घेतलं. गुडघाभर खणलं, चिखल. मांडीभर खणलं, चिखल. कमरेभर खणलं तरी दगडाला फावडं लागेना. मेहुण्यानं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली.

"तुमी येळ काढून राहिले."

"आणखी हातभर—"

"माहा धान सडून राहिला, अन् तुमी खेळून राहिले!"

त्यानं मला छातीला धरून ढकललं. मी खड्ड्यात उताणा पडलो. थोरल्या भावानं एवढंच पाहिलं की आपल्या भावाला पाडला. खड्डा कुणी खणला, कशाला खणला, हे बघायला त्याला वेळ नव्हता.

त्यानंतरचं मी खालून पाहिलं. ओल्या डोक्यावर लाठी बसली की कोरड्यासारखी वाजत नाही. कुंभार चिखलाचा गोळा आपटतो तसा आवाज येतो. असे आवाज एकामागून एक येत राहिले. आमचा सुतार रुळावर पालथा पडला आणि त्याच्या पाठीवरून दोन्ही गावं पळाली. एकाचा कान लोंबत होता आणि त्याला पत्ता नव्हता. तो दुसऱ्याला विचारत होता, तुला लागलं का रे. एका म्हाताऱ्याला, ज्याच्या हातचे लाडू मी लहानपणी खाल्ले होते, मी स्वतः फावड्याच्या दांड्यानं मारलं. तो माझ्यावर आला नव्हता. नुसता वाटेत आला होता. त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर "अगा बापा" एवढंच निघालं. मग मलाही कुणीतरी बरगडीवर असा हाणला की श्वास आत जाईना, आणि मी पुन्हा माझ्याच खड्ड्यात.

तिकडं मेहुणा कुदळ घेऊन भरावावर चढला होता. त्यानं चार घाव घातले, आणि दंडाएवढं पाणी मातीतून खाली सुटलं. लाल पाणी, आमच्या तलावाकडं. पाचव्या घावाला त्याचा हात वर गेला तेव्हा थोरल्या भावाची सब्बल त्याच्या मनगटावर बसली. तो आवाज मी सगळ्या गलक्यातून ऐकला. कुदळ पडली. हात मनगटापासून भलतीकडंच लोंबला आणि मेहुणा त्याच्याकडं बघत राहिला, जणू कुणा दुसऱ्याचा हात आपल्याला चिकटला आहे.

तेवढ्यात लाईनवरून माझी बायको येताना दिसली. डोक्यावर काही नव्हतं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बायांना घरात राहा म्हणून सांगितलं होतं. ती भावापाशी थांबली, तो लोंबता हात एकदा पाहिला, आणि माझ्या खड्ड्यापाशी आली.

"किती मोजले?"

मला बोलता येईना. दोन बोटं, आठ बोटं दाखवली.

"थे ठाऊक आहे मले. तवा तुमचे पाय केवढे होते?"

बरगड्या मोडलेल्या माणसाला हसता येत नाही. नाहीतर तिथल्या तिथं हसलो असतो किंवा रडलो असतो. दहा वर्षांच्या पोराची पावलं मी बेचाळीस वर्षांच्या पायांनी मोजली होती. आंगणात आगपेटीच्या काड्यांनी मोजली होती. आणि त्या हिशेबावर दोन गावं उभी करून "इथं" म्हणालो होतो.

ती विटांच्या मोरीवर गेली. माणसं अजून एकमेकांना मारत होती. ती त्यांच्यामधून चालत आली, लहान लहान पावलं टाकत, मोठ्यानं मोजत. एकानं लाठी उगारली तर तिनं मोजणं न थांबवता त्याच्या तोंडावर चिखलाचा हात मारला. "बारा. तेरा." अठ्ठावीस झाले तेव्हा ती माझ्या खड्ड्याच्या बरीच अलीकडं होती, एका बोरीच्या झुडपापाशी.

"इथं खंदा."

कुणी हलेना. मग तिचा भाऊ, मोडलेला हात छातीशी धरून, आपल्या माणसांना म्हणाला, "खंदा ना बे."

तिसऱ्या घावाला दगड वाजला.

मग जे लोक एकमेकांची डोकी फोडत होते तेच खांद्याला खांदा लावून माती उपसायला लागले, तोंडातलं रक्त थुंकत. आमच्या बाजूचं तोंड मोकळं झालं, मग बाकीच्यांनी पाण्यात बुड्या मारून वरच्या बाजूचं मोकळं केलं. काळं, सडक्या पाल्याचं पाणी आधी थुंकल्यासारखं आलं आणि मग धार लागली. मेहुण्यानं कापलेल्या जागी आमच्या आणि त्यांच्या माणसांनी पोती टाकली, पोती पुरेनात तेव्हा त्यावर स्वतः आडवे पडले. रात्रभर सांडवा गरजत राहिला. पहाटे पाण्याच्या वर पाळीचा हातभर भाग कोरडा दिसला. पाळ टिकली. वरच्या गावाचा अर्धा धान गेला, अर्धा राहिला.

दोन दिवसांनी हवालदार आला. दोन्ही गावांनी एकच जबाब दिला: पावसात भरावावरून पाय घसरला. त्यानं फुटकी डोकी बघितली, लोंबता कान बघितला. "सब के सब? दोनों गाँव?" सगळ्यांनी मान हलवली. तेवढ्यापुरती आमची एकी झाली.

त्याच संध्याकाळी थोरला भाऊ आंगणात आला. माझ्या रेलकडं बघत उभा राहिला, आणि मग ती पायाखाली तुडवली. टाच आधी, मग अख्खा पाय, अगदी वडिलांसारखं. इंजिन विहिरीत फेकलं. मी खाटेवर पट्टे बांधून पडलो होतो.  सुताराला उठून बसायला तीन महिने लागले, त्या म्हाताऱ्याला मी मारलं होतं, आणि मेहुण्याचा उजवा हात बांधला होता खरा, पण वैदू म्हणाला होता, नांगर धरायचं विसरा.

बायकोनं चिखलातून छत्रीच्या काड्या एकेक वेचल्या, धुतल्या, चिंधीत बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. मला वाटलं, चुलीत घालेल.

भाऊबिजेला मेहुणा आला नाही. ती वाट बघून दुपारी एकटीच निघाली, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून. संध्याकाळी परत आली. विचारायचा मला धीर झाला नाही. तिनंच सांगितलं, भात कालवून भावाला तिनंच घास भरवला, कारण डाव्या हातानं त्याला अजून नीट जमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर उपसली तेव्हा गाळात इंजिन सापडलं. गंजलं होतं, किल्ली फिरत नव्हती. मी आठ दिवस तेल घालून ते फिरवलं. माळ्यावरची चिंधी काढली. मग एका दुपारी गोठ्यापासून विहिरीपर्यंत पुन्हा भराव घातला, थोरला भाऊ शेतात गेलाय हे बघून. विटांची मोरी ठेवली. आगपेटी हातात घेऊन बसलो आणि किती काड्या मांडाव्या ते ठरेना. तिला हाक मारून विचारलं.

ती आली. भरावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग वरच्या गावाच्या दिशेला. पदराला हात पुसून ती माझ्याशेजारी खाली बसली.

"माह्या भावाचा हात काही यानं सरळ होत नाही," ती म्हणाली. "द्या इकडं त्या काड्या. दुसरी मोरी मी ठेवीन."